जाळीच्या मागची बाजू

उस्तादांनी कापडात गुंडाळलेली जाळी सोडवली आणि सगळ्यात आधी ती पालथी केली. जिच्यासाठी आम्ही चिपळूणहून कुर्ल्यापर्यंत आलो होतो, ती पुढची चकचकीत बाजू त्यांनी बघितलीसुद्धा नाही. चष्मा कपाळावर चढवून ते सांध्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग खिशातून चुंबकाचा एक तुकडा काढून पट्ट्यांवर टेकवला. वरच्या पट्ट्यांवरून तो घसरला. खालच्या तीन पट्ट्यांवर टक्‌कन चिकटून बसला.

"ऊपर पीतल, नीचे लोहा," ते म्हणाले. "किसने किया ये?"

अब्बा गप्प राहिले. त्या तीन पट्ट्यांचे पैसे आम्ही पितळेचे म्हणून मोजले होते.

ही जाळी आमच्या घरच्या फियाटची. मोटारीच्या तोंडाशी, दोन दिव्यांच्या मधे असते ती. रेडिएटरला वारा मिळावा आणि दगडधोंडा आत जाऊ नये एवढंच तिचं काम. पण गाडीचा चेहरा म्हणतात तो तोच. दिवे, बंपर, आरसे इकडचे तिकडे चालतात, जाळी मात्र दुसरी बसवली की गाडी ओळखू येत नाही. आमची गाडी १९६६ सालची, फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या हाती गेली. तिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. दादाजान तीच जुनी, स्वस्तात मिळणारी गाडी घ्यायला निघाले होते, पण दादीने नाव ऐकलं आणि विषय संपला. बिस्मिल्ला म्हणून त्यात पाय कसा ठेवायचा, असं ती विचारायची. म्हणून डिलाइट आली, असं आमच्या घरात सांगतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्या दिवशी मोटार तरंगते हे मी डोळ्यांनी पाहिलं. गाडी अंगणातून उचलली गेली, वळली आणि तोंडावर जाऊन फाटकाच्या खांबावर आपटली. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या पट्ट्या मोडून चिखलात गेल्या होत्या आणि वरच्या आत दबल्या होत्या. पण त्या आठवड्यात गाडीकडे बघायला वेळ कुणाला होता! दुकानातला सगळा माल गेला होता. इंजिन आमच्या गावच्या मेकॅनिकने महिनाभर खपून सोडवलं. आणि त्याच सुमाराला धाकट्या भावाने म्हटलं की दुकान पुन्हा उभं करायचं तर गाडी विकू.

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याच जुलै महिन्यात केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम काढले होते. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात सांभाळलेली हवी; चासी, बॉडीचा सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. त्यामुळे शौकिनांत जुन्या गाड्यांची विचारणा वाढेल, असा भावाचा अंदाज. त्याने जाहिरातीचा मजकूरही लिहून ठेवला होता. त्यात 'सर्व भाग ओरिजिनल, जाळीसह' हे शब्द होते.

तर ती जाळी आधी एका शहरातल्या कारखान्यात गेली. नाव सांगत नाही. तीन आठवड्यांत आरशासारखी होऊन आली आणि सगळे खूश झाले. पुढचा पावसाळा संपायच्या आत तिच्यावर फोड आले. सांध्यांतून हिरवट पाणी पाझरायला लागलं आणि खालच्या पट्ट्यांवर तांबूस डाग पडले. समुद्राची खारी हवा आणि कोकणातला पाऊस लोखंडाला दया दाखवत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते लोखंड होतं हे ठाऊक नव्हतं.

घरच्या घरी करण्याजोगी ही तपासणी आहे म्हणून लिहिते. जुन्या गाडीचा कुठलाही चमकदार भाग दुरुस्तीला द्यायच्या आधी तो कशाचा आहे हे बघावं. चुंबक घट्ट चिकटला तर लोखंड. निकेलचा जाड थर असेल तर चुंबक किंचित ओढला जातो, पण सोडला की पडतो. मागच्या, न दिसणाऱ्या जागी कानस हलकी फिरवावी. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं आणि वजनाला हलकं असेल तर अॅल्युमिनियम. करडं, जड आणि वाकवायला गेलं की मोडणारं असेल तर जस्ताचं ओतकाम. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन गाड्यांच्या जाळ्या पुष्कळदा अशा ओतकामाच्या असत. त्यांना आतून कीड लागल्यासारखे खड्डे पडतात आणि ते काम सगळ्यात कठीण. धातू कळल्याशिवाय जो कारागीर दर सांगतो, त्याच्याकडे वस्तू ठेवून येऊ नये.

उस्तादांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून भावाचा चेहरा पडला. त्यांनी वरच्या, पितळेच्या पट्ट्यांचे सांधे दाखवले. झाळ हाताने दिलेली, कानशीच्या खुणा अजून दिसत होत्या, आणि एक पट्टी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या सुताने जाड होती. "बेटा, ये कंपनी का माल है ही नहीं. ये भी हाथ का काम है. पुराना है, अच्छे आदमी का है."

मग अब्बांना आठवलं. ते शाळेत असताना कुंभार्ली घाटात एका ट्रकशी टक्कर झाली होती. गाडी मुंबईला गेली आणि दोन-अडीच महिन्यांनी परत आली. त्या काळी नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे आणि सुटे भाग मिळायची मारामार. मिळत नाही ते बनवायचं, यावर गॅरेजवाल्यांचं पोट चाले. दादाजानने जाळी कुणाकडून तरी बनवून घेतली असणार. घरात कुणाला माहीत नव्हतं. ज्या जाळीला आम्ही इतकी वर्षं कंपनीची म्हणत होतो, ती कुणा अनोळखी माणसाने हाताने केली होती.

उस्तादांनी काम घेतलं, पण दोन अटींवर. घाई करायची नाही, आणि लोखंडी पट्ट्या काढून पितळेच्याच बसवायच्या. अब्बांनी घरून एक जुनी पितळी परात आणली होती. दादीची वस्तू गाडीत राहील असा त्यांचा विचार. उस्तादांनी परात वाजवून पाहिली, आतली कल्हई पाहिली आणि परत दिली. भांड्याचं पितळ ठोकून ठोकून पातळ झालेलं असतं आणि कल्हई म्हणजे कथील. ते थोड्याशा उष्णतेनेच वितळतं आणि झाळ देताना पितळात शिरून सांधा कच्चा करतं. अब्बा थोडे हिरमुसले. परात पुन्हा चिपळूणला आली. आता तिच्यात आम्ही लोणच्याच्या कैऱ्या वाळवतो.

माझी शाळेची सुट्टी होती, म्हणून मी मामूंकडे कुर्ल्याला राहिले आणि रोज दोन तास वर्कशॉपमध्ये बसायला गेले. उस्तादांनी पहिल्या दिवशी माझ्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलं आणि नंतर मी आहे हे विसरले. बारा बाय अठराची जागा, एक ऐरण, दोन शिकंजे, भिंतीवर लाकडी हातोड्यांची रांग. दुहरची अजान झाली की हातोडी जिथल्या तिथे थांबायची.

आधी जुना मुलामा उतरवावा लागतो. क्रोम कडक असतो, तसंच ठोकलं तर तडकून त्याचे कपचे उडतात. ते काम आम्लाच्या टाकीत, गिलेटवाल्याकडे होतं. क्रोम चढवण्याला बाजारात अजून 'गिलेट' म्हणतात. जाळी पिवळीधमक होऊन परत आली तेव्हा तिची सगळी दुखणी दिसली. आधीच्या कारखान्याने चमक आणण्यासाठी चाकावर इतकं घासलं होतं की पट्ट्यांच्या धारा गोल झाल्या होत्या. ते उस्तादांना फसवणुकीपेक्षाही लागलं. "लोहा बदल देंगे, धार कहाँ से लाएँगे?" असं ते दोनदा म्हणाले. जमेल तिथे त्यांनी झाळ भरून, कानस मारून धार परत काढली.

दबलेल्या पट्ट्या सरळ करताना त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं. मला कळेना. पितळ तापवताना मंद लाल रंग दिसला पाहिजे, आणि तो भर उजेडात दिसत नाही. दिसेपर्यंत पितळ वितळायच्या वाटेला लागलेलं असतं. लाल झालं की जाळ काढायचा. ते हवेत निवलं काय आणि पाण्यात बुडवलं काय, मऊच होतं. पोलादासारखं पाण्यात कडक होत नाही. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके. लोखंडी हातोडी पितळ ताणते आणि ताणलेल्या धातूला पोट येतं. ते पोट बसवायला गेलं की शेजारी दुसरं येतं. वीस-तीस ठोके झाले की पितळ पुन्हा आखडतं, पुन्हा तापवायचं. एका पट्टीला असं पाच वेळा झालं.

नव्या तीन पट्ट्यांसाठी त्यांनी आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापला. तोही जुन्या जाळीवरून नाही, गाडीच्या तोंडावरून. अब्बांनी चिपळूणला गाडीसमोर वर्तमानपत्र धरून, कडेकडेने पेन्सिल घासून छाप घेतली होती. तिच्यावरून कळलं की डावी बाजू उजवीपेक्षा जवळपास एक सूत खाली आहे. जुन्या गाडीचं तोंड क्वचितच सरळ असतं. हाताने ठोकलेले पत्रे, त्यावर अपघात, त्यावर पूर. नकाशाप्रमाणे बिनचूक केलेली जाळी अशा तोंडावर वाकडी दिसते. पितळी पत्र्यातून पट्ट्या कापून, पन्हळीसारख्या दुमडून, लाकडी फर्म्यावर वाकवल्या. हव्या त्यापेक्षा थोड्या जास्त वाकवायच्या, कारण हात सोडला की पितळ थोडं मागे येतं. किती जास्त, हे त्यांना विचारलं तर ते हसले.

झाळ चांदीची. सांध्याला टाकणखार लावायचा, तापवायचं, तो काचेसारखा पातळ झाला की तार टेकवायची. चांदी आपोआप फटीत ओढली जाते. आधी मधला सांधा, मग एक डावा, एक उजवा. एका टोकाने सुरुवात केली तर उष्णतेने दुसरं टोक हटतं. आणि प्रत्येक पन्हळीच्या खालच्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी बारीक भोक पाडलं. हिरव्या पाण्याचं कोडं इथे सुटलं. पहिल्या कारखान्याने पट्ट्यांची टोकं झाळून बंद केली होती. मुलाम्याच्या टाकीतलं आम्ल बारीक फटीतून आत शिरलं आणि तिथेच राहिलं. पुढे वर्षभर ते आतून खात होतं.

काम करता करता ते फार बोलत नसत. एकदा मात्र मी विचारलं की हा धंदा कुणाकडून आला. वडिलांचं नाव सांगून ते म्हणाले की त्याच्याही आधी दाऊद अलैहिस्सलाम यांच्याकडून. कुरआनात त्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात जुळवण्याच्या आज्ञेचा उल्लेख आहे. "नबी होते, बादशाह होते, पण स्वतःच्या हाताचं खात होते," हे ते मला माहीत नसावं अशा समजुतीने सांगत होते, आणि मी ऐकत होते. त्यांचा स्वतःचा मुलगा दुबईत एका मोबाइल कंपनीत आहे. दुकानात हाताखाली कुणी नाही.

गिलेटच्या कारखान्यात मी एकदाच गेले. उस्तादांनी दारात थांबायला सांगितलं. आधी तांबं, त्यावर निकेल, त्यावर क्रोम. प्रत्येक वेळी मधे पाण्याने धुणं. लोकांना वाटतं चमक क्रोमची. क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड. इतका पातळ थर काहीही झाकत नाही. चमक खालच्या पितळेच्या घासाईची आणि निकेलची. क्रोम तिला निळसर झाक देतो आणि काळवंडू देत नाही. म्हणून घासण्यातला आळस क्रोमनंतर दुप्पट दिसतो.

पण मला आठवतात ती टाकीवर उभी असलेली मुलं. क्रोमच्या टाकीतून जी वाफ येते तिच्यात सहा संयुजेचा क्रोमियम असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकला आहे. वर्षानुवर्षं त्या वाफेत उभं राहणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं, हातावर खोल जखमा होतात. टाकीवर वाफ ओढून घेणारा पंखा, रबरी हातमोजे, चांगला मास्क आणि सांडपाणी साफ करून सोडणं, हे सगळं शक्य आहे. तीन संयुजेच्या, त्या मानाने बऱ्याच सौम्य क्रोमची पद्धतही आहे. तिचा रंग किंचित वेगळा येतो इतकंच. तिथे पंखा होता आणि चालू होता. हातमोजे दोघांनी घातले होते, तिसऱ्याने नाही. तो सतरा-अठराचा असेल. आपल्याच वस्त्यांतली ही मुलं आहेत. काम देताना आपण भाव विचारतो, तसं पंखा आहे का हेही विचारावं. त्या दिवशी मी ते विचारलं नाही. उस्तादांनीच त्या मुलाला रागावून मोजे घालायला लावले.

जाळी घरी आली ती मार्चमध्ये. बसवताना अब्बांनी प्रत्येक स्क्रूखाली रबरी चकती घातली. पितळ आणि लोखंड खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले तर लोखंड भराभर गंजतं. मधे रबर असलं की ते थांबतं. मागच्या बाजूला मेणाचा हात दिला. डावीकडचा एक सूत बरोबर बसला होता. शेजारचे डॉक्टर बघायला आले आणि म्हणाले, "वा, नवीच घातलीत की!" उस्तादांना हे ऐकून आनंद झाला नसता.

मग गिऱ्हाईक आलं. पुण्याचे एक गृहस्थ, अभ्यासू, फायली घेऊन आलेले. भावाने ओट्यावर चहा मांडला. बोलणी जवळपास ठरली होती आणि त्यांनी सहज विचारलं, "जाळी ओरिजिनल ना?" भाऊ म्हणाला, "साठ वर्षं होत आली, गाडीवरच आहे." हे पूर्ण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. अब्बा उठले, टॉर्च घेऊन आले आणि त्या गृहस्थांना गाडीपुढे वाकायला लावलं. बॉनेट उघडून मागून उजेड टाकला. वरच्या पट्ट्या एका हाताच्या, खालच्या तीन दुसऱ्या हाताच्या, कंपनीचं त्यात काहीही नाही, असं त्यांनी सांगितलं. भोकंसुद्धा दाखवली.

त्या संध्याकाळी घरात मोठा आवाज झाला. भाऊ म्हणाला, विचारलं असतं तर सांगितलं असतं. अब्बा म्हणाले, त्यांनी विचारलंच होतं. भाऊ म्हणाला, पुराने आपलं जे नेलं ते कुणी आपल्याला विचारून नेलं का? या प्रश्नाला अब्बांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी फक्त बाजारातल्या धान्याच्या ढिगात हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी हात घातल्याची आणि आतलं ओलं धान्य बोटांना लागल्याची ती गोष्ट काढली. ती आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाऊ मधेच उठून दुकानावर गेला. मला तेव्हा दोघांचंही पटत होतं. दुकानाचे हप्ते भाऊ भरत होता, अब्बा नाही.

पुण्याच्या गृहस्थांचा फोन सतरा दिवसांनी आला. त्यांनी पंचवीस हजार कमी केले आणि गाडी घेतली. भावाने पैसे मोजून घेतले. त्या विषयावर तो अजून बोलत नाही.

गाडी गेली तेव्हा ऑक्टोबर २०२३ संपत आला होता. त्याच दिवसांत मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरल्याच्या बातम्या येत होत्या. मी उस्तादांना फोन केला. ते म्हणाले की भंगारात आता जाळ्या ढिगाने येतील, चांगल्या बघून ठेवतो, कुणाला लागल्या तर.

निघायच्या आधी अब्बांनी त्या पुण्याच्या गृहस्थांना सांगितलं की समुद्राकडे गेलात तर परत आल्यावर जाळी गोड्या पाण्याने धुवा, मागूनसुद्धा. पूर ओसरल्यावर चिखलात सापडलेले पितळेचे मोडके तुकडे आणि काढून टाकलेल्या तिन्ही लोखंडी पट्ट्या त्यांनी एका जुन्या लुंगीत बांधल्या, वर चिठ्ठी लावली आणि डिकीत ठेवल्या. चिठ्ठीत कोणतं काम कुठल्या साली झालं ते लिहिलं होतं. घाटातल्या अपघाताच्या सालापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं होतं.